दात काढल्यावर हिरडी बसते, मग कवळी ढिली होते

"डॉक्टर, मागल्या महिन्यात कशी घट्ट होती, आता बोलताना खाली यायली बघा." परभणीच्या आमच्या दवाखान्यात सेलू, मानवत, जिंतूरकडून येणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा कवळीत दोष नसतो, तिच्याखालची हिरडी बदललेली असते. दात काढायच्या आधीच हे कळलेलं असलं की निम्मा मनस्ताप वाचतो, म्हणून हा कागद.

दात निघाला की तिथे खड्डा राहतो आणि त्यात रक्त साकळतं. ती रक्ताची गाठ म्हणजे पुढच्या सगळ्या भरून येण्याचा पाया. पहिले चोवीस तास जोरात चूळ भरू नका, सारखं थुंकू नका, स्ट्रॉने काही ओढून पिऊ नका. दोन-तीन दिवसांत खड्ड्यावर पांढुरकी साय धरते. बऱ्याच जणांना तो पू वाटतो आणि ते काडीने खरवडून काढतात. तो पू नव्हे, जखम भरत आल्याची खूण आहे. तिला हात लावायचा नाही.

मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं उतरायच्या ऐवजी चढलं, कानापर्यंत ठणका गेला आणि तोंडाला घाण वास यायला लागला, तर गाठ निघून हाड उघडं पडलेलं असू शकतं. अशा वेळी घरी लवंगेचं तेल भरत बसू नका, लगेच या. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा त्रास जास्त दिसतो. तंबाखू, गुटखा, मिसरीही तेवढे दिवस लांबच ठेवा. "मिसरी तर फक्त दातालाच लावते" हे उत्तर आम्ही रोज ऐकतो. ती खड्ड्यात जातेच.

पहिल्या आठवड्यात खड्ड्याच्या कडा सुजलेल्या, गोलसर असतात. मग त्या आत वळू लागतात आणि साधारण तीन-चार आठवड्यांत वरून तोंड मिटतं. दाढेच्या मोठ्या खड्ड्याला थोडा जास्त वेळ लागतो. आरशात सगळं सपाट दिसतं, भाकरी चावता येते, आणि माणूस म्हणतो, झालं बरं, आता माप घ्या.

खरा बदल तेव्हा कुठे निम्म्यावर आलेला असतो. दाताला धरून ठेवणारं हाड दाताच्याच जोरावर टिकलेलं असतं. दात गेला की ते झिजत जातं. गालाकडची भिंत मुळातच पातळ, पुढच्या दातांपाशी तर कित्येकदा 1 मिलिमीटरपेक्षाही कमी, त्यामुळे आधी तीच खचते आणि वरची हिरडी तिच्याबरोबर आत जाते. पहिल्या वर्षभरात त्या जागेची रुंदी जवळपास निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या 3 महिन्यांतच होते. उंची त्या मानाने कमी उतरते. काळ्या रानात बुजवलेला खड्डा आठवा. वरून माती सारखी केली तरी पहिल्या पावसात ती बसतेच.

आमच्या कपाटात एकाच तोंडाचे प्लास्टरचे दोन साचे ठेवलेत, पहिला दात काढल्यावर दोन आठवड्यांचा, दुसरा सहा महिन्यांनंतरचा. मागून घ्या, दाखवतो. पहिल्यावर अंगठा फिरवला तर जाड, गोल बांध लागतो. दुसऱ्यावर तोच बांध अरुंद झालाय आणि बाहेरच्या अंगाला बोटाचं टोक बसेल एवढी खोलगट जागा पडलीय. पहिल्या साच्यावर केलेली कवळी दुसऱ्यावर ठेवली की डुगडुगते.

म्हणून घाई नसेल तर पूर्ण कवळीसाठी आम्ही साधारण 3 महिने थांबायला सांगतो. घरात लग्न असेल तर दात काढल्या दिवशीच कवळी बसवूनही देतो, पण ती पक्की समजू नका. मधल्या काळात तिला आतून अस्तर द्यावं लागतं, कधी दोनदा, आणि पुढे नवीनही करावी लागू शकते. हे पैसे धरूनच ठरवा. ढिली कवळी खाली कापूस घालून चालवणं किंवा घरी कानशीने घासणं, दोन्ही गोष्टी हिरडीला महाग पडतात.

काही आठवड्यांनी हिरडीतून तांदळाच्या कणीसारखं टोचलं, तर घाबरू नका. ती हाडाची कपची असते. बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडते, नाही पडली तर आम्ही काढतो.

साखर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडं बळकट करायची इंजेक्शनं, यातलं काही चालू असेल तर दात काढायच्या आधी सांगा. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि कवळी टोचते म्हणून दाखवायला याल तेव्हा ती खिशात घालून आणू नका. सहन होत असेल तर आदल्या दिवशी घालून या, म्हणजे नेमकी लाल झालेली जागा आम्हाला दिसते आणि तेवढंच घासता येतं.