बाईची वार, म्हशीची वार

इंदूरच्या आमच्या वाड्यामागे गवळ्याचा गोठा होता. म्हैस व्यायली की तिकडून हाक यायची, "काकी, जेर गिर गई!" आजी घरात सांगायची, "वार पडली हो, आता चीक येईल." हीच आजी माझ्या काकांच्या जन्माची आठवण सांगताना म्हणायची, "वार अडकली होती, जीव वाचला एवढंच." शब्द एकच, म्हणून दोन्हीकडची वारही एकसारखीच असणार असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.

आधी एक घोळ दूर करते. नाळ म्हणजे वार नव्हे. नाळ ही बाळाच्या बेंबीपासून निघणारी दोरी, आणि तिचं दुसरं टोक ज्या अवयवात शिरतं ती वार. आईकडून प्राणवायू आणि अन्न बाळाच्या रक्तात जातं ते वारेतूनच.

बाईच्या पोटात गर्भ सहा-सात दिवसांचा झाला की गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो आणि त्यात पुरता रुततो. त्याच्या पेशी आईच्या रक्तवाहिन्या पोखरतात. मग वारेचे बारीक रसांकुर थेट आईच्या रक्तात बुडून राहतात. तरी दोघांचं रक्त मिसळत नाही, मधे गर्भाच्या बाजूचा पातळ पडदा असतो. पुरी वाढलेली वार म्हणजे साधारण अर्ध्या किलोची एकच जाड चकती.

गायी-म्हशीचं सगळंच निराळं. त्यांचा गर्भ आत रुतत नाही. तो आधी दोऱ्यासारखा लांब होतो आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास अस्तराला नुसता चिकटतो. गर्भाशयात बटणांसारखे उंचवटे असतात, गायीत साधारण 70 ते 120. वारेवरचे झुबके त्या प्रत्येकावर घट्ट बसतात. आईच्या रक्तवाहिन्या शाबूत राहतात, त्यामुळे आईचं रक्त आणि वासराचं रक्त यांच्यामधे जास्त थर उरतात.

म्हणूनच "वार अडकली" या दोन शब्दांचा अर्थ दोन ठिकाणी वेगळा होतो. बाईच्या बाबतीत अर्ध्या तासात वार पडली नाही तर धोका रक्तस्रावाचा, कारण आईच्या रक्तवाहिन्या उघड्या असतात. तिथे मिनिटं मोजायची. म्हशीला रक्त फार जात नाही, पण बारा तासांनंतरही वार लटकत राहिली तर आत कुजते आणि ताप येतो. ती हाताने ओढू नये, वीट बांधून तर मुळीच नाही. झुबके तुटून आत राहतात. जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावं.

त्या जास्तीच्या थरांचा आणखी एक परिणाम आहे, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माणसाच्या बाळाला आईची रोगप्रतिकारक द्रव्यं पोटात असतानाच मिळतात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. रेडकाला ती वारेतून मिळतच नाहीत. ते जवळजवळ कोऱ्या हातांनी जन्माला येतं आणि त्याचा सगळा भरवसा चिकावर असतो. त्याचं आतडंही ही द्रव्यं जशीच्या तशी शोषतं ते पहिल्या दिवसापुरतंच, आणि तासागणिक ती क्षमता घटत जाते.

आमच्याकडे म्हैस व्यायली की खरवसाच्या आशेने पातेलं घेऊन पहिल्याच धारेला गोठ्यात जायची पद्धत होती. आता मी गवळीदादांना सांगते, आधी रेडकू पोटभर पिऊ दे. माझं पातेलं दुसऱ्या दिवशी येईल, खरवस त्या चिकाचाही छान होतो.