जोर वाचतो, अंतर वाढतं

यांत्रिक अभियोग्यता चाचणीत बहुतेक प्रश्न चित्रांतून विचारतात. कप्प्या, तरफा, दातेरी चाकं, दट्ट्या बसवलेल्या नळ्या. प्रत्येकासाठी वेगळं सूत्र पाठ करायचं, असं अनेकजण धरून चालतात. मला ती पद्धत पटत नाही. चित्र कोणतंही असो, आधी एकच गोष्ट पाहावी: कोणतं टोक किती सरकतंय? यंत्रामुळे कमी जोरात जास्त वजन उचलता येतं, पण त्याच पटीत हात जास्त लांब न्यावा लागतो. बल गुणिले अंतर, म्हणजेच कार्य, दोन्हीकडे सारखंच भरतं. यंत्रानं निसर्गाला फसवता येत नाही, हे गॅलिलिओनं 1600 च्या सुमारास नेमकेपणानं मांडलं.

तरफेत हे लगेच दिसतं. टेकूपासून अर्ध्या मीटरवर 40 किलोचा भार आहे आणि आपण दुसऱ्या बाजूला 2 मीटरवर दाबतो, तर 10 किलोइतका जोर पुरतो. मात्र भार 10 सेंटीमीटर वर यायला आपलं टोक 40 सेंटीमीटर खाली जातं. तरफेचा नियम आर्किमिडीजनं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच सिद्ध केला होता.

खरी फसगत कप्प्यांच्या प्रश्नात होते, कारण विद्यार्थी कप्प्या मोजतात. मोजायची असते ती दोरी. छताला पक्की बसवलेली एकच कप्पी जोर अजिबात कमी करत नाही, फक्त ओढण्याची दिशा बदलते. तरी ती उपयोगी आहे, कारण खाली ओढताना शरीराचं वजन मदतीला येतं. आता भाराबरोबर वर सरकणारी कप्पी घ्या. तिला दोरीचे दोन भाग तोलून धरतात, म्हणून 60 किलोच्या भारासाठी प्रत्येक भागावर 30 किलोचाच ताण येतो. भार 1 मीटर वर न्यायचा तर दोन्ही भाग एकेक मीटरनं आखूड व्हायला हवेत, म्हणजे 2 मीटर दोरी ओढावी लागते. वरच्या पक्क्या कप्पीवरून हातात येणारा दोरीचा भाग मात्र या मोजणीत धरायचा नाही. तो भाराला तोलत नसतो. दोनऐवजी तीन असं चुकीचं उत्तर नेमकं इथेच येतं. प्रत्यक्षात घर्षण आणि कप्पीचं स्वतःचं वजन यांमुळे थोडा जास्त जोर लागतो. चाचणीत ते सहसा सोडून दिलेलं असतं.

दातेरी चाकांत अंतराऐवजी फेरे मोजा. 12 दात्यांच्या चाकानं 36 दात्यांचं चाक फिरवलं, तर लहान चाकाच्या तीन फेऱ्यांत मोठ्याचा एक फेरा होतो आणि फिरवण्याचा जोर तिप्पट मिळतो. दोघांच्या मध्ये तिसरं चाक घातलं, तर त्याला कितीही दाते असले तरी या गुणोत्तरात फरक पडत नाही, फक्त शेवटच्या चाकाची दिशा उलटते. ही गोष्ट अनेकांना पहिल्यांदा खोटी वाटते. दात्याला दाता लागून सरकतो, मधल्या चाकाचा जितका दाता एकीकडून आत येतो तितकाच दुसरीकडे पुढे जातो, एवढं डोळ्यासमोर आणलं की शंका राहत नाही.

द्रवाच्या दाबाचा प्रश्न व्यासावर अडतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम. त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट जोसेफ ब्रामानं 1795 मध्ये घेतलं. लहान दट्ट्याचा व्यास 2 सेंटीमीटर आणि मोठ्याचा 6 असेल, तर बल तिप्पट नव्हे, नऊपट होतं, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानुसार वाढतं. 100 न्यूटन लावून 900 मिळतात. पण मोठा दट्ट्या 1 सेंटीमीटर उचलायला लहान दट्ट्या 9 सेंटीमीटर दाबावा लागतो.

हाच हिशोब उलटाही चालतो, आणि तो आपल्या हातातच आहे. कोपर हा टेकू. दंडाचा स्नायू कोपराच्या अगदी जवळ जोडलेला असतो, भार मात्र तळहातावर, कितीतरी लांब. स्नायू 4 सेंटीमीटरवर आणि तळहात 32 सेंटीमीटरवर धरला, तर काटकोनात धरलेल्या हातातलं 1 किलो तोलायला स्नायूला साधारण 8 किलोइतकं ओढावं लागतं. जोराचा हा तोटा सोसून हात वेग आणि पल्ला मिळवतो: स्नायू 1 सेंटीमीटर आखडला की तळहात जवळपास 8 सेंटीमीटर वर येतो.