सेकंडहँड लक्झरी सेडान नावावर करताना: पुण्यातली आरसी ट्रान्सफर, अटी आणि कागदपत्रे

मोटार वाहन कायद्याच्या लेखी गाडीचा मालक म्हणजे आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, ज्याचे नाव आहे तो. पैसे कोणी मोजले, चावी कोणाच्या खिशात आहे, हप्ता कोण भरतो, हे सगळे नंतरचे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले: गाडी विकली, पुढे आणखी दोन-चार हात फिरली, पण नोंद बदलली नाही, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच येते. त्यामुळे ट्रान्सफरची घाई खरे तर विकणाऱ्याला जास्त असायला हवी. प्रत्यक्षात तो पैसे मिळाले की निवांत होतो आणि घेणारा नव्या गाडीच्या कौतुकात असतो.

पुण्यात आठ-दहा वर्षांची ऑडी ए३ किंवा मर्सिडीज सीएलए आज नव्या मध्यम आकाराच्या एसयूव्हीच्या किमतीत, कधी त्याहूनही कमीत मिळते. अशा गाड्यांचा कागदोपत्री भूतकाळ साध्या हॅचबॅकपेक्षा गुंतागुंतीचा असतो. कर्ज मोठे, पहिली मालक बऱ्याचदा कंपनी, आणि गाडी दिल्लीहून आलेली असण्याची शक्यताही बरीच. म्हणून अर्जाआधी आरसी नीट वाचायला हवी.

कोण अर्ज करू शकतो

अटी फार नाहीत. व्यक्ती, भागीदारी संस्था किंवा कंपनी यांपैकी कोणाच्याही नावावर गाडी होते. गाडी नावावर करायला ड्रायव्हिंग लायसन्स लागत नाही, ते चालवायला लागते. आईच्या नावावर गाडी घेऊन मुलाने चालवण्यात काही गैर नाही. महत्त्वाचा असतो तो पत्ता. अर्ज कोणत्या आरटीओ कार्यालयात जाणार हे घेणाऱ्याच्या पत्त्यावरून ठरते: पुणे शहरासाठी संगम पुलाजवळचे एमएच-१२, पिंपरी-चिंचवडसाठी एमएच-१४, बारामतीकडे एमएच-४२. कोथरूडमध्ये भाड्याने राहताय आणि आधारवर पत्ता साताऱ्याचा आहे, तर आधी तो प्रश्न सोडवा. आधारवरचा पत्ता बदलून घ्या किंवा नोंदणीकृत भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून तयार ठेवा. नोटरी केलेल्या करारावर विसंबू नका.

गाडी महाराष्ट्रातच नोंदलेली असेल तर नंबर बदलत नाही. एमएच-१४ची गाडी सदाशिव पेठेत आली तरी ती एमएच-१४च राहते, मग शेजारी काहीही म्हणोत.

टोकन देण्याआधी आरसीवर काय पाहायचे

पहिली नजर कर्जाच्या नोंदीवर. हायपोथिकेशनच्या, म्हणजे गाडी कर्जाला तारण असल्याच्या, रकान्यात बँकेचे नाव असेल, तर कर्ज फिटल्याचे तोंडी आश्वासन उपयोगाचे नाही. बँकेची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि कर्जाची ही नोंद, म्हणजे बोजा, उतरवण्याचा बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५, दोन प्रतींत, हवा. कर्ज फेडले पण बोजा उतरवायचा राहिला, असे फार वेळा होते. एनओसीवर मुदत छापलेली असेल आणि ती उलटून गेली असेल, तर बँकेकडून नवी काढावी लागते. ते काम विकणाऱ्यानेच करायचे, कारण बँक तुमच्याशी बोलणारही नाही.

दुसरी नजर मालकाच्या नावावर. हिंजवडी-खराडी पट्ट्यात कंपनीच्या किंवा लीज कंपनीच्या नावावरच्या गाड्या भरपूर. ‘गाडी साहेबच वापरायचे’ असे सांगणारे साहेब त्या कागदावर कुठेच नसतात. अशा वेळी सही करणाऱ्याला अधिकार देणारा संचालक मंडळाचा ठराव, कंपनीचे लेटरहेड आणि शिक्का लागतो. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या मोटारीला व्यक्तीपेक्षा जास्त दराने कर लागतो, म्हणून कंपनीकडून व्यक्तीकडे येताना कराचा अडथळा नसतो. उलट दिशेने जाताना, म्हणजे वैयक्तिक गाडी तुमच्या फर्मच्या नावावर घ्यायची झाली, तर फरक भरावा लागतो. सीएच्या सल्ल्याने घसाऱ्यासाठी फर्मच्या नावावर गाडी घेणाऱ्यांनी हा आकडा आधी काढून ठेवावा.

तिसरी गोष्ट, गाडी आयात म्हणून नोंदली आहे का. या वर्गातल्या बऱ्याच गाड्या इथेच जोडलेल्या असतात. मर्सिडीज चाकणला, ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला, बीएमडब्ल्यू चेन्नईला. पण एखादे मॉडेल किंवा सुरुवातीची बॅच तयार आयात झालेली असू शकते, आणि मग शुल्काची पाटीच बदलते. हस्तांतराचे केंद्रीय शुल्क साध्या मोटारीला ३०० रुपये, आयात मोटारीला २,५००. हा फरक किरकोळ म्हणून सोडून देता येईल, पण १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना साध्या मोटारीचे ५,००० आणि आयात मोटारीचे ४०,००० होतात. २०१४ची गाडी घेणाऱ्यासाठी ते वर्ष २०२९ आहे, म्हणजे फार लांब नाही. महाराष्ट्राचा पर्यावरण करही खाजगी गाडीला १५ वर्षांनंतर लागतो.

मग रंग. लक्झरी सेडानना मॅट काळा किंवा राखाडी रॅप चढवायची हौस दांडगी. आरसीवर ‘पांढरा’ आणि दारात काळी गाडी, तर तपासणीत प्रश्न येणारच. रॅप काढून द्यायला सांगा किंवा बदलाची नोंद करून घ्या. काचांवरच्या काळ्या फिल्मला २०१२ पासून सर्वोच्च न्यायालयाची बंदी आहे, तिचे काय करायचे ते वेगळे सांगायला नको.

ई-चलान हा खरा पुणेरी विषय. शहरातले सिग्नलवरचे कॅमेरे आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचे वेग मोजणारे कॅमेरे मिळून या ताकदीच्या गाड्यांवर चांगली रक्कम चढलेली असते. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन नंबराचे शेवटचे आकडे टाकले की थकबाकी दिसते. ती विकणाऱ्याने भरायची, हे टोकन देतानाच ठरवा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसलेली आहे का, तेही तेव्हाच बघा. नसेल तर आरटीओतले काम अडते. मोटारीसाठी प्लेटचे शुल्क ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे, पण बसवायची तारीख मिळण्यात दिवस जातात.

दिल्लीची गाडी

दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या डिझेल सेडान बाहेर स्वस्तात विकल्या जातात. गाडी वाईट असतेच असे नाही. फक्त जाहिरातीतली किंमत अपुरी असते.

परराज्यातल्या गाडीला मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, विकणाऱ्याने काढून द्यावी लागते. त्यात कर थकलेला नाही आणि गाडी चोरीची किंवा गुन्ह्यातली नाही याची खातरजमा होते. इथे आल्यावर फॉर्म २७ भरून नवा एमएच-१२ नंबर घ्यायचा, सोबत मालकी बदलाचा अर्ज आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर. गोम या करात आहे. तुम्ही किती रुपयांना घेतली यावर तो ठरत नाही. गाडीची नवी असतानाची मूळ किंमत धरून, तिच्या वयानुसार घट देऊन हिशेब होतो. मूळ २० लाखांवरच्या मोटारीला महाराष्ट्रात व्यक्तीसाठी पेट्रोलला १३ आणि डिझेलला १५ टक्के दर चालत आला आहे. म्हणजे आठ लाखांना मिळालेल्या गाडीचा कर तिच्या तीस लाखांच्या घरातल्या मूळ किमतीपासून मोजायला सुरुवात होते. हा आकडा मिळवून किमतीत धरा आणि मग स्वस्त की महाग ते ठरवा. परराज्यातला नंबर बदलायला कायद्यात १२ महिन्यांची मुभा आहे, पण मालकी बदलाची मुदत वेगळी आणि बरीच कमी आहे. बरेच लोक हे दोन नियम एकच समजून वर्षभर निर्धास्त फिरतात.

मुदत, फॉर्म आणि कागद

गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत, परराज्यात विकली तर ४५ दिवसांत आरटीओला कळवायचे. घेणाऱ्याला ३० दिवस. विकणाऱ्याची सूचना फॉर्म २९ वर, दोन प्रतींत, आणि हस्तांतराचा अर्ज फॉर्म ३० वर, ज्यावर दोघांच्याही सह्या लागतात. सह्या करताना तारीख आणि घेणाऱ्याचे नाव भरलेले असावे. कोरा सही केलेला फॉर्म २९ देणे म्हणजे कोरा चेक देण्यासारखे आहे.

सोबत मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, दोघांची ओळखपत्रे, घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा, दोघांचे पॅन, फोटो आणि कर्ज असेल तर वर सांगितलेले बँकेचे कागद. तुम्हीही कर्ज काढून घेत असाल तर नव्या बोज्यासाठी फॉर्म ३४ लागतो आणि मोटारीला त्याचे शुल्क १,५०० रुपये आहे. स्मार्ट कार्डचे २०० रुपये आणि टपालखर्च वेगळा. व्यवहार बँकेतूनच करा. २ लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि या गाड्या त्या रकमेत येत नाहीत.

फॉर्मवर चॅसिस नंबरचा पेन्सिल ठसाही लागतो. यात लोक अडकतात, कारण लहान गाडीत सहज सापडणारा नंबर इथे लपवलेला असतो. काही मॉडेलांत पुढच्या सीटसमोरच्या गालिच्याला एक कापलेली झडप असते, ती उचलली की खाली पत्र्यावर कोरलेला नंबर दिसतो. काहींत तो बॉनेटच्या आत असतो. पत्रा कोरड्या कापडाने पुसा, मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा, वर रुंद सेलोटेप दाबून बसवा आणि एका दमात उचला. टेप फॉर्मवरच्या जागेत चिकटवायची. दोन-तीन जास्तीचे ठसे तेव्हाच काढून ठेवा. ठसा घेताना आरसीशी आकडा न् आकडा ताडून पाहा. ठोकलेल्या, दुरुस्त केलेल्या गाडीचा संशय इथेच येतो: नंबराभोवतीचा पत्रा वेगळ्या रंगाचा किंवा खरवडलेला असेल तर पुढे जाऊ नका.

ऑनलाइन अर्ज

परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चॅसिसचे शेवटचे पाच आकडे टाकून अर्ज सुरू होतो. आधारने ओळख पटवली तर बरेचसे काम कार्यालयात न जाता होते. खोडा येतो तो मोबाइल नंबरचा. ओटीपी विकणाऱ्याच्या नोंदीतल्या नंबरवर जातो, आणि दहा वर्षांपूर्वी शोरूमने तिथे कोणाचा नंबर टाकला होता हे कोणालाच आठवत नाही. पोर्टलवर मोबाइल नंबर बदलण्याची सोय आहे. ते काम पैसे द्यायच्या आधी, विकणारा समोर बसलेला असताना करून घ्या. नंतर त्याचा फोन लागत नाही.

अर्ज क्रमांकावरून स्थिती पाहता येते. त्रुटी निघाली तर तीही तिथेच दिसते, म्हणून अर्ज केल्यावर गप्प बसू नका. एजंट नेमायला हरकत नाही, पण पोर्टलवरच्या पावत्या आणि एजंटची फी वेगवेगळी मागा.

डीलरकडून घेताना

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओचे अधिकारपत्र घेणे नियमाने बंधनकारक आहे. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की त्याची सूचना फॉर्म २९सी वर पोर्टलवर जाते आणि तिथून जबाबदारी डीलरकडे येते. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारा: अधिकारपत्र दाखवा. टाळाटाळ झाली तर समोरचा माणूस डीलर नसून मधला आहे, इतके समजले. मूळ मालक वारला असेल तर विक्रीआधी वारसाच्या नावावर गाडी यायला हवी. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद लागतात, आणि मुदत तीन महिने. वारसाने थेट तुमच्या नावाने सही केलेला फॉर्म ३० चालत नाही.

विमा

आरसीसाठी विमा लागतो, म्हणून जुनी पॉलिसी जोडली जाते आणि तिथेच विषय संपला असे वाटते. थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर तुमच्याकडे येते, पण १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलायचा अर्ज करावा लागतो. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण नाव बदलून घेतल्याशिवाय मिळत नाही, आणि या गाडीचा एक हेडलॅम्प बदलायचा खर्चही तोंडचे पाणी पळवतो. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सवलत, माणसाचा असतो, गाडीचा नाही. विकणाऱ्याचा ५० टक्के बोनस त्याच्याकडेच राहतो आणि त्यातला फरक तुम्हाला भरावा लागतो.

विकणाऱ्याचा फास्टॅग त्याच्या बँकेतून बंद करून घ्या आणि आपल्या नावाचा नवा लावा. एका गाडीला एकच टॅग चालतो, त्यामुळे जुना चालू असताना नवा मिळायला अडचण येते. नवी आरसी आली की नावाचे स्पेलिंग, पत्ता, चॅसिस आणि इंजिन नंबर, इंधन, आणि बोजा उतरल्याची नोंद एवढे ताडून पाहा. डिजिलॉकरमध्येही तीच माहिती दिसायला हवी. चूक असेल तर लगेच दुरुस्तीचा अर्ज करा, कारण पुढचा विमा आणि पुढची विक्री याच कागदावरून होणार आहे.