वेगवान गाडीसोबत ड्रायव्हिंग स्कूल फुकट: ही प्रथा आली कुठून?

अमेरिकेत वेगवान गाडी घेतली की काही कंपन्या एक दिवस रेस ट्रॅकवर नेऊन शिकवतात, तेही फुकट. मग पन्नास लाखांच्या घरातली गोल्फ जीटीआय किंवा ऑक्टाव्हिया आरएस घेऊन तिला एमएच १३ ची पाटी लावणाऱ्या सोलापूरकराला तसं काही का मिळू नये? प्रश्न रास्त आहे.

सुरुवातीला यात फुकट काहीच नव्हतं. जिम रसेल यांनी १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या स्नेटरटनला रेसिंगची शाळा काढली, बॉब बाँडुरंट यांनी १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात. दोन्हीकडे फी भरून शिकायचं. पुढे पोर्शने १९७४ मध्ये आणि बीएमडब्ल्यूने १९७७ मध्ये ड्रायव्हर प्रशिक्षण सुरू केलं, तेही पैसे घेऊनच.

फी गाडीच्या किमतीत गेली ती बरीच नंतर. फोर्डने २०१२ च्या मस्टँग बॉस ३०२ च्या मालकांना युटामधल्या मिलर मोटरस्पोर्ट्स पार्कवर एक दिवस दिला, मग फोकस एसटी आणि फिएस्टा एसटी या वेगवान हॅचबॅकच्या मालकांसाठी ऑक्टेन अकॅडमी नावाची शाळा काढली. डॉजने ७०७ हॉर्सपॉवरची हेलकॅट विकायला काढली, तेव्हा बाँडुरंट शाळेतला एक दिवस सोबत दिला. ऑक्टेन अकॅडमीला जाण्यायेण्याचा आणि हॉटेलचा खर्च ज्याचा त्याने करायचा. फोर्डच्याच शेल्बी जीटी३५० चा मोफत कोर्स तर पहिल्या मालकापुरताच होता. तीच गाडी सेकंडहँड घेतली की हक्क संपला. पण गाड्या शाळेच्या होत्या. टायर, ब्रेक पॅड शाळेचे झिजायचे, ग्राहकाचे नाहीत. आमच्या मते या सगळ्या व्यवहारातली खरी किमतीची गोष्ट हीच.

भारतात हे रुजलं नाही, कारण गाड्यांचा आकडाच लहान. पोलो जीटीआयच्या (२०१६) ९९ गाड्या भारताच्या वाट्याला आल्या, ऑक्टाव्हिया आरएस २४५ च्या (२०२०) २००. एवढ्या ग्राहकांसाठी कायमची शाळा कोण उभारणार? त्यात ट्रॅक मोजकेच: चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाई, कोइम्बतूरचा कारी, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. सोलापूरहून चेन्नईच आठशे किलोमीटरच्या पुढे. बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज-एएमजी आपल्याकडे ट्रॅकवर कार्यक्रम घेत आल्या आहेत, पण गाडी घेतली म्हणून जागा मिळेलच असं नाही.

म्हणून हॉट हॅचच्या (ताकदवान इंजिनाच्या छोट्या गाडीच्या) ग्राहकाने शाळा धरून चालू नये, पण मागावी जरूर. तीनशेच्या वर हॉर्सपॉवरची गाडी विकणाऱ्या कंपनीने मात्र ती द्यायलाच हवी, असं आमचं ठाम मत आहे. गाळप हंगामात सोलापूर-पुणे रस्त्यावर संध्याकाळी टेललाइट नसलेली उसाची ट्रॉली एकदम पुढ्यात येते. तिथे लागतं ते ब्रेकचं शिक्षण.

एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, पण ते लागताना पायाला काय जाणवतं हे अनेकांना माहीतच नसतं. पेडल थरथरतं, खालून कर्रकर्र आवाज येतो, आणि काहीतरी मोडलं असं वाटून माणूस पाय सैल सोडतो. गाडी थांबायला लागणारं अंतर तिथेच वाढतं. शाळेत हे मोकळ्या जागेत पुन्हा पुन्हा करून घेतात: पाय पूर्ण दाबलेला, नजर अडथळ्यावर नाही तर रिकाम्या जागेवर, आणि ब्रेक न सोडता स्टिअरिंग. त्याआधी बसणं दुरुस्त करतात. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे.

‘ट्रॅक एक्सपीरियन्स’ म्हणून जे देतात, त्यात अनेकदा पुढच्या गाडीमागून दोन-चार फेऱ्या आणि फोटो एवढंच असतं. तेव्हा बुकिंगआधी शोरूमला विचारा: गाडी कुणाची? प्रशिक्षक शेजारी बसणार का? जोरात ब्रेक किती वेळा मारायला मिळेल? उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.

स्वतःचीच गाडी न्यायची असेल तर आधी पॉलिसी वाचा. खासगी कारच्या पॉलिसीत आयोजित रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. शिकवणीचा दिवस त्यात धरतात का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. ब्रेक ऑइल नवं भरा. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३०° सेल्सियस असतो, पण पाणी शोषलेल्या ऑइलसाठी मानकातली किमान मर्यादा १५५° वर येते. ते उकळलं की पेडल खाली बसतं. हवा टायर थंड असताना कंपनीच्या आकड्याला ठेवा. काही फेऱ्यांत ४-६ पीएसआय वाढते, वाढीव तेवढी काढा आणि परतीच्या प्रवासाआधी पुन्हा भरा. शेवटची फेरी ब्रेक न वापरता सावकाश मारा. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. गिअरमध्ये किंवा ‘पी’मध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावा.