८० गुणांचं अंतर

जुलै २०२५. जॉर्जियातल्या बातुमीत महिला बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम लढत. एका बाजूला कोनेरू हम्पी, रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, २५४३. समोर नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख, रेटिंग २४६३. ८० गुणांचा फरक पाहून आपण मनातल्या मनात निकाल लावून टाकतो. पण हा आकडा नेमकं काय सांगतो?

रेटिंगची ही पद्धत आर्पाद एलो यांची. हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. १९७० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, ती स्वीकारली. तिच्यात महत्त्व दोन खेळाडूंच्या रेटिंगमधल्या फरकाला. तो ८० असेल, तर १०० डावांत कमी रेटिंगच्या खेळाडूने साधारण ३९ गुण मिळवावेत अशी अपेक्षा असते. फरक २०० झाला की हेच गुण २४ वर येतात.

इथे एक गल्लत हमखास होते. ३९ गुण म्हणजे ३९ विजय नव्हेत. विजयाचा एक गुण, बरोबरीचा अर्धा गुण असतो. त्यामुळे १८ विजय, ४२ बरोबऱ्या आणि ४० पराभव मिळूनही ३९ च होतात. आणि हे झालं १०० डावांचं. विश्वचषकाच्या लढतीत समोर असतात दोन क्लासिकल, म्हणजे दीर्घ वेळेचे, डाव! तेवढ्यात ८० गुणांचा फरक दिसेलच याची खात्री कोण देणार? दिव्याने तर आधीच्या फेऱ्यांत झू जिनर आणि तान झोंगयी या दोघी वरच्या मानांकित खेळाडूंना घरी पाठवलं होतं.

शिवाय रेटिंग बनतं झालेल्या डावांवरून. आजची तयारी, आजची झोप त्यात नसते. स्वतः एलोंनाही आपल्या मोजमापाचा फार अभिमान नव्हता: खवळलेल्या पाण्यावर हेलकावणारं बूच, वाऱ्यावर झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजावं, तसं हे काम, असं ते म्हणत.

बातुमीत दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. दिव्याकडून दर डावाला अपेक्षा ०.३९ गुणाची, मिळाला अर्धा. या फरकाला ज्याने गुणायचं, तो दोघींचा गुणक १०. म्हणजे दर डावाला दिव्याला रेटिंगमध्ये १.१ गुणांची कमाई, हम्पीला तेवढाच तोटा. मग बरोबरी फोडण्यासाठी जलद, म्हणजे कमी वेळेच्या, डावांचा टायब्रेक झाला. त्यातला दुसरा डाव दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. विश्वचषक आला, एकही नॉर्म (किताबासाठी स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक दर्जाची कामगिरी) नसताना थेट ग्रँडमास्टर किताबही आला. क्लासिकल रेटिंगमध्ये मात्र या विजयाचे गुण शून्य, कारण जलद डाव त्यात धरतच नाहीत.