फास्ट-पिच आणि स्लो-पिच: पिचरला धोका कुठं जास्त?

शाळेत फास्ट-पिच सॉफ्टबॉल खेळलेली आपली सांगली-साताऱ्याची पोरं रविवारी टाइमपास म्हणून स्लो-पिचला येतात आणि डायलॉग ठरलेला, "काकांना द्या की पिचिंग, बॅटरला हळूच बॉल टाकायचाय, पळायला पण नको." ऐकून ऐकून कान किटले राव.

फास्ट-पिच तुम्हाला माहितीये. हात गरकन फिरवून टाकायचं, पुरुषांना ४६ फुटांवरून, बायकांना ४३. स्लो-पिचला ५० फूट, बॉल कमानीसारखा चढून खाली येतो, फिल्डिंगला नऊच्या जागी दहा जण. बाकी किरकोळ, खेळता खेळता कळतं.

घोळ इथं होतो. हळू जातो तो टाकलेला बॉल, परत येणारा नाही. फास्ट-पिचमध्ये बॅटर हुकतो, चाचपडतो, स्लो-पिचमध्ये त्याला बॉल निवांत दिसतो, मग पाय रोवून सगळी ताकद लावून हाणतो आणि सरळ मधून गेलेला फटका म्हणजे पिचरचं तोंडच. यूएसए सॉफ्टबॉल ही अमेरिकेतली सॉफ्टबॉलची संघटना बॅट पास करताना टेस्टमध्ये फटक्याचा वेग ताशी ९८ मैलांपर्यंत चालवून घेते, म्हणजे १५८ किलोमीटर. ५० फुटांना साधारण ०.३५ सेकंद. तेवढ्यात काकांचा ग्लोव्ह गुडघ्यापासून नाकापर्यंत येतोय होय? बॉल पण १७८ ते १९८ ग्रॅमचा, आपला सीझन बॉल १६३ च्या आत. त्यात कंपोझिट बॅट (कार्बन फायबरसारख्या धाग्यांची, आतून पोकळ) वापरून वापरून अजून जोरात मारायला लागते, आणि आतून घासून पातळ केलेली बॅट आणणाऱ्याला तर मी मैदानातच घेत नाही, वाद घाला नाहीतर रुसून बसा.

फास्ट-पिचवाला सेफ आहे असं नाही, तो तर झोक्यानं अजून पुढं येतो. पण तो तरणा असतो, सावध असतो. स्लो-पिचवाल्याला तसला झोकाच नसतो, बॉल सुटला की दोन-तीन पावलं मागं सरकून ग्लोव्ह छातीपुढं धरता येतो, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. ग्लोव्ह मांडीला लोंबतोय आणि साहेब आपलाच बॉल कसा झक्कास पडतोय ते बघतायत. अहो बॅट बघा, बॅट!

आणि मास्क नसेल तर पिचिंगला उभं राहूच नये, प्रॅक्टिसला तर पुढं जाळी पण लावा. "किपर झालास काय" म्हणून दात काढणाऱ्याला एक इनिंग पिचिंग द्या, समोर तालमीतला एखादा पैलवान बॅट घेऊन उभा असताना.