थांबायचं कुणाच्या भरवशावर?

"शिवाजी म्हणतो, हात वर! शिवाजी म्हणतो, हात खाली! आता उडी मारा!"

गोवंडीतल्या एका अंगणवाडीत निम्मी पोरं उडी मारून बाद होतात आणि बाद झाल्याबद्दलही खिदळतात. पोरखेळच, पण नियम डोक्यात धरायचा आणि निघालेले पाय ऐन वेळी आवरायचे, हे चार वर्षांच्या मेंदूला जड काम आहे. ते सांभाळणारा कपाळामागचा भाग पुरता पिकायला विशी उलटावी लागते.

आत्मनियंत्रण म्हटलं की मार्शमॅलोची गोष्ट येतेच. साठच्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी मुलांपुढे मार्शमॅलोसारखा गोड खाऊ ठेवला: आत्ता एक, थांबलास तर दोन. थांबलेली मुलं पुढे अभ्यासात सरस निघाली. पण ती बालवाडी विद्यापीठाच्या आवारातली, म्हणजे मुलं बहुतेक शिकलेल्या घरांतली. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली, त्यांत कमी शिकलेल्या आयांची मुलंही बरीच होती. घरची परिस्थिती हिशेबात धरताच थांबण्याचा तो करिश्मा बराचसा ओसरला.

मला जास्त पटतो तो संशोधक सेलेस्ट किड यांचा प्रयोग. २८ मुलांना आधी चांगले रंग आणून द्यायचं कबूल केलं. निम्म्यांना ते मिळाले, बाकीच्यांना नुसतं "सॉरी, संपले." मग खाऊ पुढे आला. शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसवलेली जेमतेम तीन.

म्हणजे थांबणं हा निव्वळ स्वभाव नाही, हिशेबही आहे. ज्या घरात "उद्या आणते" हे नाक्यावर काम मिळालं तरच खरं होतं आणि ठेवलेला लाडू भावंडं फस्त करतात, तिथे हातातलं आत्ताच खाणारं पोर अधाशी नसतं. अनुभवातून शिकलेलं असतं.

तरी त्याच्यावर शिक्का बसतोच: "हा धांदरटच!" या वयात मुलं स्वतःला फार हुशार समजतात, आणि तो फाजील विश्वासच त्यांना पुन्हा पुन्हा करून बघायला लावतो. शिक्का नेमका त्यावरच घाव घालतो. नुसती शाबासकीही जपून द्यावी लागते. चार वर्षांच्या मुलांवरच्या एका अभ्यासात "तू छान चित्रकार आहेस" ऐकलेली मुलं पुढे चूक झाली की लवकर खचली. "चित्र छान काढलंस" ऐकलेली त्या मानाने टिकून राहिली.

त्या दिवशी पहिल्याच उडीला बाद झालेल्या मुलाला ताई म्हणाल्या, "उद्या तू शिवाजी." दुसऱ्या दिवशी कुलूप उघडायच्या आत तो दारात हजर. ताई विसरल्या होत्या. त्यानेच आठवण करून दिली.